बेरीज ९.५, हाती किती?

अडगळीतल्या हार्ड डिस्क एकदा टेबलावर मांडून बघाव्यात. एक ४ टीबीची, एक ३ ची, एक २ ची आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एक ५०० जीबीची. चारही अर्धवट भरलेल्या, चारहींवर ‘फोटो नवीन’ नावाचं फोल्डर आणि हवा तो फोटो एकीतही नाही. अशा वेळी माणसाला सगळ्यांचा मिळून लिनक्सवर एक पूल, म्हणजे एकच मोठी सामाईक जागा, करण्याची बुद्धी होते. बेरीज साडेनऊ टीबी! इथपर्यंत सगळं छान असतं.

स्क्रीनवर मात्र ८.६४ दिसतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या, आणि भुर्दंड आपल्याला. त्यात एक्स्ट-फोर ही लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, परस्पर राखून ठेवते, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी. सिस्टिमच्या डिस्कवर ही सोय शहाणपणाची आहे, पण जिथे नुसत्या फाइली ठेवायच्या तिथे ट्यून-टू-एफएस या कमांडने ती एक टक्क्यावर आणावी.

आता जोडायचं कशाने? रेड-५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल असा जोड, म्हणाल तर तिथे सगळ्यात छोट्या डिस्कचं राज्य. प्रत्येकीतून ५०० जीबीच घेणार, त्यातला एक वाटा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कवरचं परत मिळवायच्या हिशेबाला), म्हणजे साडेनऊमधून दीड टीबी हाती. एलव्हीएम या लिनक्सच्या सोयीने एकामागोमाग जोडल्या तर जागा पुरेपूर मिळते, पण एक डिस्क गेली की सगळी फाइल सिस्टिमच अंथरुणाला खिळते. प्रत्येक डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता ३ टक्के धरा. चारातली किमान एक जाण्याची होते साडेअकरा. आणि आपल्या डिस्क काही कोवळ्या नाहीत.

म्हणून माझं मत मर्जरएफएस या प्रोग्रॅमला. यात प्रत्येक डिस्क आपापली फाइल सिस्टिम सांभाळून असते आणि वर फक्त एक समाईक पाटी लागते. एक गेली तर तिच्यावरचंच जातं. बाकीच्या काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या तरी वाचता येतात. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे लावायची त्या यादीत) डिस्कची ओळख यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, द्यावी, कारण आज ‘एसडीए’ नावाने दिसणारी उद्या केबल बदलली की एसडीबी होते. ‘नोफेल’ लिहायला विसरू नये, नाहीतर एका रुसलेल्या डिस्कसाठी मशीन सुरूच व्हायचं नाही. आणि डिस्क माउंट करण्याआधी, म्हणजे फोल्डरला जोडण्याआधी, त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर प्लस आय’ या कमांडने कुलूप घालावं. ते नसेल आणि डिस्क लागली नसेल, तर फाइली त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सिस्टिमच्याच डिस्कवर, गुपचूप साठत जातात. पुढे मूळ डिस्क लागली की त्या तिच्याखाली झाकल्या जातात: दिसत नाहीत, पण जागा खातात.

खरी गंमत यापुढे. पूल म्हणजे आघाडी सरकार: आकडा जुळलेला असतो, पण एकाची जबाबदारी दुसरा घेत नाही. चार डिस्कवर प्रत्येकी ३० जीबी मोकळे असतील तर पूल ऐटीत १२० दाखवतो. त्यात ५० जीबीची एक फाइल टाका. जागा नाही! कारण मर्जरएफएस फाइल कापून वाटत नाही. अख्खी फाइल एकाच डिस्कवर मावायला हवी.

दुसरा घोटाळा धोरणाचा, म्हणजे नवी फाइल कुठल्या डिस्कवर टाकायची या मर्जरएफएसच्या नियमाचा. ‘ईपीएमएफएस’ धोरण असेल तर फाइल जिथे ते फोल्डर आधीपासून आहे त्याच डिस्कवर जाते. ‘फोटो’ फोल्डर फक्त पहिलीवर असेल तर पहिली तुडुंब भरते, चौथी रिकामी माश्या मारते आणि आपल्याला ‘जागा संपली’चा निरोप येतो. ‘एमएफएस’ लावा, मग सर्वांत मोकळी डिस्क निवडली जाते. एका सहलीचे फोटो तीन डिस्कवर विखुरतील, पण पूलमधून बघणाऱ्याला त्याचं काय?

बाहेरच्या डबीतून सोडवलेली डिस्क मशीनमध्ये लावल्यावर फिरतच नसेल तर लगेच श्रद्धांजली वाहू नका. काही डिस्क साटा पॉवरच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीच्या, तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की ‘बंद राहा’ असं समजतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या टेपची) बारीक पट्टी चिकटवली की चालू. पट्टी नखाएवढीही नसते आणि नेमकी शेजारच्या पिनवर चिकटते.

राहिलं संरक्षण. त्यासाठी स्नॅपरेड हा प्रोग्रॅम, तो पॅरिटी वेगळ्या डिस्कवर ठेवतो; पण पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. म्हणजे ४ टीबीची तिकडे गेली आणि पूल उरला साडेपाचचा, स्क्रीनवर ५. शिवाय शेवटच्या सिंकनंतर, म्हणजे पॅरिटी ताजी केल्यानंतर, आलेल्या फाइलींना संरक्षण नाही आणि मधल्या काळात इतर डिस्कवर खोडाखोड केली असेल तर गेलेलीची दुरुस्तीही अर्धवट होते. डिस्क गेली की सिंक नाही (ते गेलेल्या फाइली खोडल्याच असं धरून पॅरिटी बदलतं), फिक्स म्हणजे दुरुस्ती चालवायची. रात्रीच्या आपोआप सिंकच्या वेळी एखादी डिस्क लागलेलीच नसेल तर स्नॅपरेड थांबतो आणि विचारतो: हिच्यावरच्या सगळ्या फाइली गायब आहेत, खरंच पुढे जाऊ? जायचंच असेल तर ‘फोर्स-एम्प्टी’ लिहा, हेही तोच सांगतो. हा पर्याय स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवणारे महाभाग असतात. एरर येऊ नये म्हणून.