मलपृष्ठावरचा थोर माणूस

पुस्तक लिहून झाले, त्याचे मुद्रितशोधन झाले किंवा राहून गेले, प्रकाशकाने सांगितलेली रक्कम दोन हप्त्यांत त्याच्या खात्यावर जमा झाली, आता आपले काम संपले, असे आपल्याला वाटत असेल तर आपण अद्याप नवोदितच आहात. खऱ्या लेखनाला आता कुठे प्रारंभ व्हायचा आहे. एके दिवशी दुपारी प्रकाशकाच्या कार्यालयातून निरोप येतो की, मलपृष्ठासाठी साठ-सत्तर शब्दांत आपला परिचय आणि एक छायाचित्र पाठवावे. दोनशे पानांची कादंबरी तीन महिन्यांत हातावेगळी करणारा माणूस या साठ शब्दांपुढे आठ दिवस बसून राहतो आणि नवव्या दिवशी चारशे शब्द पाठवून देतो. हे चारशे शब्द कसे असावेत, याविषयी मार्गदर्शन करण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण असे परिचय मी आजवर पुष्कळ वाचले आहेत. ते ज्यांच्यावर छापले होते ती पुस्तके मात्र वाचायची राहून गेली.

पहिली अट अशी की परिचयात खोटे एकही वाक्य असता कामा नये. खोटे पकडले जाते, आणि मुख्य म्हणजे त्याची गरजच पडत नाही. आपल्या साहित्यव्यवहाराने लेखकासाठी निर्दोष सत्यांची इतकी मुबलक सोय करून ठेवली आहे की, ती नुसती ओळीने मांडली तरी माणूस थोर दिसू लागतो.

ग्रंथालयांचेच उदाहरण घ्या. ‘देशातील चार अग्रगण्य ग्रंथालयांत ग्रंथसंपदा समाविष्ट’ हे वाक्य किती भारदस्त आहे, ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. त्यामागील वस्तुस्थिती अशी की, १९५४ च्या कायद्यानुसार भारतातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत, प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत आणि स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावयाची असते. याचा अर्थ लोणच्यांचे शंभर प्रकार सांगणारी पुस्तिकाही त्याच दाराने आत जाते. परंतु तिच्या लेखिकेला हे वाक्य सुचले नाही आणि आपल्याला सुचले, एवढाच काय तो प्रतिभेचा फरक. आपल्या प्रकाशकाने त्या चार प्रती खरोखर पाठवल्या की नाहीत, याची चौकशी मात्र करू नये. चौकशी केल्यास एक चांगले वाक्य हातचे जाण्याचा संभव असतो.

आयएसबीएनचेही तसेच. पुस्तकाची ओळख पटवणारा हा १३ अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय यांचे नाव धारण करणारी सरकारी यंत्रणा विनामूल्य देते. तरीही ‘आयएसबीएनप्राप्त लेखक’ असे छापलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात खोटे काय, हे मला आजतागायत दाखवता आलेले नाही. आपण प्राध्यापक असाल तर या क्रमांकाशी आपला जिव्हाळा अधिक असणार, कारण २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि त्यात पुस्तकांना गुण ठेवले, तेव्हापासून अनेक महाविद्यालयांवर सरस्वती जी प्रसन्न झाली ती अजून आवरलेली नाही.

आता संमेलनांकडे वळू. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला तालकटोरा स्टेडियमवर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, ते ९८ वे. आपण तिथे गेला होतात काय? मग ‘दिल्ली येथील ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात सहभाग’ असे लिहिण्यापासून आपल्याला कोणीही रोखू शकत नाही. मंडपात बसणे, ग्रंथदालनात फिरणे, जेवणाच्या रांगेत उभे राहणे, हे सारे सहभागाचेच प्रकार आहेत. निमंत्रितांचे कविसंमेलन निराळे आणि नाव नोंदवून कविता म्हणण्याचा कविकट्टा निराळा, हे जाणकारांना ठाऊक असते. पण ‘संमेलनात कवितावाचन’ या दोन शब्दांत दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात.

पुस्तकांची संख्या सांगताना गणिताकडे उदार दृष्टीने पाहावे. दुसरी आवृत्ती हे दुसरे पुस्तक, ज्यात आपली एक कविता आहे तो प्रातिनिधिक संग्रह हे तिसरे, ज्याची प्रस्तावना आपण लिहिली ते चौथे, आणि ‘प्रकाशनाच्या वाटेवर’ असलेली नऊ तर केवळ वाट संपण्याचीच खोटी. ‘पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली’ हे वाक्य अवश्य असू द्यावे. आवृत्ती शंभर प्रतींची होती आणि त्यातील साठ प्रती मुलीच्या लग्नात श्रीफळाऐवजी पाहुण्यांच्या हाती ठेवल्या गेल्या, हा घरगुती तपशील आहे आणि घरच्या गोष्टी चारचौघांत सांगू नयेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलेच आहे.

पुरस्कारांच्या बाबतीत मात्र मन खंबीर ठेवावे लागते. मराठीत आजवर चारच लेखकांना ज्ञानपीठ मिळाले, १९७४, १९८७, २००३ आणि २०१४ या वर्षांचे. म्हणजे दोहोंमध्ये अकरा ते सोळा वर्षांचे अंतर. इतकी वाट पाहत बसण्याइतके आपले वय आणि मलपृष्ठ दोन्ही रिकामे नाही. त्यापेक्षा दर पावसाळ्यात मोबाइलवर जी आवाहने येतात ती लक्षपूर्वक वाचावीत. पुस्तकाच्या दोन प्रती, प्रवेशशुल्क, पासपोर्ट आकाराचे छायाचित्र आणि, हे फार महत्त्वाचे, संक्षिप्त परिचय मागवलेला असतो. पुरस्कार ‘राज्यस्तरीय’ असतो, कारण आवाहन राज्यभर फिरलेले असते. गौरवचिन्ह, शाल आणि मानपत्र घेण्यासाठी आपण स्वखर्चाने जाता आणि तिथे आपल्यासोबत आणखी एक्केचाळीस मानकरी रांगेत उभे असलेले पाहून मराठी साहित्याचे कसे होणार, ही चिंता कायमची मिटते. या व्यवस्थेचे सौंदर्य असे की परिचय दाखवून पुरस्कार मिळतो आणि पुरस्कार मिळाला की तो परिचयात जातो. मध्ये पुस्तकाला तसदी द्यावी लागत नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर शेवटी नम्रता हवीच. ‘माय मराठीचा पाईक’, ‘शब्दांचा वारकरी’, ‘साहित्यशारदेच्या दरबारातील एक सामान्य सेवक’ यांपैकी एक निवडावे. तिन्ही घेतल्यास नम्रतेचा दर्प येतो. टोपणनावाचा विचार असेल तर जपून. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ आणि गडकऱ्यांनी धाकट्या भावाच्या नावावरून ‘गोविंदाग्रज’ हे नाव घेतले आणि दोन्ही गाजली, म्हणून आपणही ‘पिंट्याग्रज’ व्हावे असा काही नियम नाही.

व्याकरणाचा एक प्रश्न उरतो, आणि तो वाटतो त्याहून अवघड आहे. हा परिचय आपणच लिहावयाचा असला तरी तो दुसऱ्या कोणीतरी भारावून लिहिला आहे असे दिसले पाहिजे. म्हणून ‘मी’ वर्ज्य. सर्वत्र ‘ते’, आणि तेही आदरार्थी. स्वतःविषयी आदरार्थी बहुवचनात चारशे शब्द लिहीत गेले की तिसऱ्या परिच्छेदापर्यंत लेखकाला आपल्याविषयी खरोखरच आदर वाटू लागतो, आणि नेमका तिथेच घात होतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माझ्याकडे सूत्रसंचालन होते. प्रमुख पाहुण्यांनी चार पानी परिचय माझ्या हाती दिला आणि ‘संक्षेपात सांगितलंत तरी चालेल’ असे म्हणून एकही ओळ सुटू नये अशा बेताने ते माझ्या शेजारीच बसले. मी वाचू लागलो. ‘त्यांच्या कवितेला काळ्या मातीचा गंध आहे. त्यांनी दुष्काळ जवळून पाहिला. आईने मोलमजुरी करून मला शिकवले आणि रॉकेलच्या दिव्याखाली मी पहिली कविता लिहिली.’ वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्यातले सर्वनाम माझ्या ध्यानात आले. परंतु तोवर श्रोते हेलावले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कार्यक्रमानंतर दोन वृद्ध गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्या आईची चौकशी केली. माझी आई शिक्षिका होती आणि आमच्या घरी वीज होती, हे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही. पाहुण्यांच्या परिचयाला सव्वाअकरा मिनिटे लागली होती. भाषणासाठी दहा मिनिटे ठेवली होती, ती अध्यक्षांना लवकर निघायचे असल्यामुळे पाच करण्यात आली.

छायाचित्राविषयी फार सांगण्यासारखे नाही. हनुवटीखाली हात, दृष्टी क्षितिजावर, मागे पुस्तकांचे कपाट. कपाट दुसऱ्याचे असले तरी चालते आणि छायाचित्र वीस वर्षांपूर्वीचे असले तर अधिक चांगले.

कोणी चिकित्सक असेही म्हणेल की, ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या एका प्रसिद्ध ओवीत हे सारे काम आटोपलेले आहे: शके १२१२ हे वर्ष, टीका करणाऱ्याचे नाव आणि ती आदराने लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव. गंमत म्हणजे त्या ओवीत ‘लेखक’ हा शब्द सच्चिदानंदबाबांना लावलेला आहे, ज्ञानेश्वरांना नव्हे. पण या दाखल्याने आपण विचलित होऊ नये. ज्ञानदेवांना ना ग्रंथ वितरकाकडे पाठवायचा होता, ना त्यावर किंमत छापायची होती.

आपल्याला ती छापायची आहे, आणि जागेचा प्रश्न तिथेच येतो. मलपृष्ठाची मांडणी सुरू असताना आपण स्वतः कार्यालयात हजर राहावे. संगणकावर बसलेला मुलगा आपला परिचय आधी चौदा पॉइंटमध्ये घेतो, मग बारामध्ये, मग नऊमध्ये. ओळींमधील अंतर कमी करतो, छायाचित्र नखाएवढे करतो, आणि तरीही खालच्या कोपऱ्यात बारकोड आणि किंमत बसत नाही. मग तो मान वळवून विचारतो, ‘सर, वर या चार ओळी पुस्तकाविषयी आहेत आणि खाली तुमच्या पुरस्कारांची यादी आहे. दोन्ही बसणार नाही. काय काढू?’

अशा वेळी उत्तर द्यायला उशीर करू नये. त्याला आणखी तीन पुस्तकांची मलपृष्ठे संध्याकाळपर्यंत छपाईला पाठवायची असतात.