रस्ता कोणाच्या ताब्यात, निवाडा कोणाच्या हातात

सोमालियात अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेनं स्फोट घडवला की गावाकडच्या माझ्या मित्रमंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे त्यांच्या धर्मातच आहे, आणखी कारण शोधायची गरज नाही. दुसरा म्हणतो, हे सगळं अमेरिकेचं पाप. तासभर वाद होतो, मग सोमालिया बाजूला पडतो आणि गाडी आपल्याकडच्या निवडणुकीवर येते. मी राहते मिनिआपोलिसमध्ये. अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच शहरात आणि आसपास आहे. मी ज्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते तिथं, बसमध्ये, मुलांच्या शाळेत, सगळीकडे सोमाली माणसं भेटतात, आणि त्यांतल्या काहींच्या घरचं माणूस अल-शबाबनं मारलेलं आहे. त्यांच्यात हा विषय निघतो तेव्हा कोणी धर्मापासूनही सुरुवात करत नाही आणि अमेरिकेपासूनही. ते सांगू लागतात रस्त्याबद्दल आणि न्यायनिवाड्याबद्दल. त्या वेळी रस्ता कोणाच्या ताब्यात होता? भांडण घेऊन जायचं कोणाकडे?

आपल्याला सोमालिया आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. १९९२ च्या दुष्काळातली हाडांचे सापळे झालेली मुलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत बैदोआ भागात गेलेली भारतीय लष्कराची ब्रिगेड. मग थेट समुद्री चाचे. २०११ मध्ये नौदलानं पकडलेल्या चाच्यांवर मुंबईत खटले चालले आणि मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं आणखी ३५ जण मुंबई पोलिसांच्या हवाली केले. मधल्या काळात त्या देशात माणसं जगत कशी होती, हे मराठी वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही. अल-शबाब वाढली ती नेमकी त्याच काळात.

१९६९ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या सियाद बारेनं कुळांना कुळांशी झुंजवत देश चालवला. सोमालियात बहुतेक सगळे मुसलमान, तेही सुन्नी, भाषा एक. तरी माणसाची ओळख, संरक्षण, सोयरीक हे सगळं कुळावर ठरतं. १९८८ मध्ये बारेच्या विमानांनी आपल्याच देशातल्या हरगेसा शहरावर बॉम्ब टाकले, आणि ती विमानं उडत होती त्याच शहराच्या विमानतळावरून. जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला. त्याची जागा कोणी घेतली नाही. राजधानी मोगादिशू हे शहर फारा ऐदीद आणि अली महदी यांच्या टोळ्यांत वाटलं गेलं, आणि दर चार गल्ल्यांवर ‘इस्बारो’ उभा राहिला. इस्बारो म्हणजे बंदूकधारी पोरांनी दोरी बांधून केलेला नाका. पैसे दे, पुढे जा. पैसे नसतील तर पोतं ठेव. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक वयस्कर सोमाली बाई सांगतात, बाजारात निघताना नाक्यावर द्यायचे पैसे वेगळ्या पुरचुंडीत बांधावे लागत, आणि तरण्या मुलींना घरीच ठेवत. पूर्वी कुळांचे म्हातारे झाडाखाली बसून ‘हीर’ नावाच्या परंपरेनुसार तंटे मिटवत, खुनाची भरपाईसुद्धा ठरवत. पण ते ज्या शब्दाच्या वजनावर चाले, ते वजन कलाश्निकोव्ह बंदुकीपुढे उरलं नाही.

या पोकळीत मोहल्ल्या-मोहल्ल्यात शरिया न्यायालयं निघाली. आधी प्रत्येकाचं कुळ वेगळं, न्यायालय वेगळं. पैसा दिला व्यापाऱ्यांनी, कारण बंदरातून गोदामापर्यंत माल नेताना दहा ठिकाणी लुटला जायचा. शिक्षा कठोर होत्या. पण चोर पकडला जाई, तक्रार ऐकली जाई आणि निकाल अमलात येई. २००६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं दहशतवादविरोधाच्या नावाखाली पैसा पुरवला तो कोणाला, तर याच इस्बारोवाल्या टोळीप्रमुखांना. मोगादिशूच्या माणसाला यातून जे समजायचं ते समजलं. जूनपर्यंत न्यायालयांच्या संघटनेनं सगळ्या टोळीप्रमुखांना शहराबाहेर काढलं. नाके उठले. अकरा वर्षं बंद असलेला विमानतळ उघडला, बंदर उघडलं. ज्यांना धार्मिक राजवट मुळीच नको होती असे लोकही आजवर त्या सहा महिन्यांबद्दल बोलताना सुस्कारा सोडतात. त्याच सहा महिन्यांत चित्रपटगृहांना कुलपं लागली आणि फुटबॉलचा विश्वचषक बघणाऱ्यांना हुसकावून लावलं, हेही तेच लोक सांगतात.

त्या संघटनेत सगळे एका माळेचे मणी नव्हते. शेख शरीफ शेख अहमद हा शाळेत शिकवणारा माणूस, तडजोडीला तयार. हसन दाहिर अवेज जुना, कडवा. आणि त्यांच्या पोटात तरुणांची एक टोळी, अल-शबाब, तिचा म्होरक्या अदन हाशी आयरो. याच आयरोच्या माणसांनी २००५ मध्ये मोगादिशूतली जुनी इटालियन दफनभूमी उकरून हाडं फेकली होती. ती टोळी तेव्हा लहान होती. शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि कुळांच्या म्हाताऱ्यांना थोडा अवधी मिळाला असता तर त्यांनी तिला आवर घातला असता, असं इथले बरेच सोमाली मानतात. मलाही ते पटतं, जरी ते आता सिद्ध करता येणार नाही. कारण तो अवधी मिळालाच नाही. डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाचं सैन्य अमेरिकेच्या पाठिंब्यानं आत घुसलं आणि महिना संपायच्या आत मोगादिशूत पोहोचलं. १९७७-७८ च्या ओगादेन युद्धापासून सोमाली मनात जो शत्रू नंबर एक, त्याच इथिओपियाचे रणगाडे राजधानीत. मवाळ मंडळी परदेशी पळाली. जागेवर राहून लढली ती अल-शबाब, आणि देशभक्तीचा झेंडा तिच्या हाती आपसूक आला.

इथवर ऐकून माझा दुसऱ्या तटातला मित्र म्हणेल, बघ, अमेरिकाच. मग २००९ चं काय करायचं? जानेवारीत इथिओपियाचं सैन्य परत गेलं. त्याच महिन्यात शेख शरीफ राष्ट्राध्यक्ष झाला, आणि शरिया लागू करायलाही त्यानं होकार दिला. लढण्याची जी जी कारणं अल-शबाब सांगत होती, त्यांतलं मोठं कारण संपलं. तिनं मग शरीफलाच धर्मबुडवा ठरवलं आणि त्याच्यावर बंदूक रोखली. ३ डिसेंबर २००९ रोजी मोगादिशूच्या हॉटेल शामोत बेनादिर विद्यापीठाच्या मुलांचा पदवीदान समारंभ होता. कित्येक वर्षांच्या युद्धानंतर देशात घडलेले डॉक्टर तिथं बसले होते. बाईच्या वेशातल्या आत्मघातकी माणसानं तो मांडव उडवला; तीन मंत्री आणि विद्यार्थी गेले. हे करायला कोणत्या परदेशी फौजेनं भाग पाडलं होतं? २०११ च्या दुष्काळात अल-शबाबनं आपल्या ताब्यातल्या प्रदेशात मदतसंस्थांना बंदी घातली आणि उपाशी कुटुंबांना बाहेर पडू दिलं नाही. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसं मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. या संघटनेला तिच्या विचारांची जबाबदारी माफ करणं म्हणजे त्या मुलांना दुसऱ्यांदा विसरणं आहे.

आणि पहिल्या तटाला मी विचारते, मेले कोण? १४ ऑक्टोबर २०१७ ला झोबे चौकात ट्रकबॉम्ब फुटला, ५८७ माणसं गेली. जवळजवळ सगळे मुसलमान. सोमालियाचा जुना इस्लाम सूफी वळणाचा, कादिरिया आणि अहमदिया या सूफी तरीक्यांचा (पंथांचा), पिरांच्या कबरींवर जमणारा. अल-शबाबनं त्या कबरी फोडल्या, तेव्हा २००८ पासून बंदूक घेऊन उभे राहिले ते ‘अहलु सुन्ना’ या गटाचे सूफीच. २०२२ मध्ये हिरान भागातल्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी अल-शबाबच्या खंडणीला कंटाळून उठाव केला. कमरेच्या लुंगीवरून त्यांना ‘मअविसली’ म्हणतात. अल-शबाबशी लढताना जितकं मुसलमानांचं रक्त सांडलं तितकं दुसऱ्या कोणाचं सांडलेलं नाही. धर्मालाच कारण ठरवणाऱ्या माझ्या मित्राच्या मांडणीत ही माणसं कुठेच बसत नाहीत. म्हणून तो त्यांचं नावच घेत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी या गोष्टीकडे आणखी एका कारणासाठी बघावं. २००७ ते २००९ या काळात मिनिआपोलिस भागातून वीसहून अधिक सोमाली तरुण अल-शबाबकडे गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये उत्तर सोमालियात झालेल्या आत्मघातकी हल्ल्यात इथं शाळा शिकलेला एक तरुण होता. यांतली बरीच मुलं लहानपणी निर्वासित म्हणून आली, इथंच वाढली. इस्बारो त्यांना आठवतही नव्हता. त्यांनी पाहिले ते पडद्यावरचे इथिओपियाचे रणगाडे, ऐकली ती दुरून आलेली भाषणं. आईला कळलं ते पोरगा घरी आला नाही तेव्हा, किंवा पलीकडून फोन आला तेव्हा. त्या घरच्या मंडळींपैकी काहीजण पोलिसांकडे गेले, मार्च २००९ मध्ये त्यांतल्या एकानं अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षही दिली. समाजातून त्यांना शिव्या बसल्या, घरची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून. मला त्या घरांबद्दल फार आदर वाटतो. आपल्या माणसांबद्दल खरं बोलायला जे लागतं ते त्यांच्यात होतं.

इथल्या मराठी बैठकींत बसते तेव्हा मला त्या मुलांची आठवण येते. आमच्याकडे कोणी बंदूक घेऊन निघालेलं नाही, आणि ही तुलना तितक्यापुरतीच आहे. पण दुरून पेटणं मला ओळखीचं वाटतं. ज्या गावात आपल्याला उद्या सकाळी दूध आणायला जायचं नाही, तिथल्या कोणत्या मोहल्ल्याला धडा शिकवावा, कोणाचं घर पाडावं, यावर आम्ही जेवणाच्या ताटावर निकाल देतो. परिणाम भोगायला शेजारी असतात, आम्ही नसतो.

झटपट न्यायाचं हे कौतुक गावाकडेही वाढलंय, म्हणून अल-शबाबच्या न्यायालयांबद्दल सांगते. महाराष्ट्र म्हणजे सोमालिया नव्हे. आपल्याकडे कोर्ट आहे, तलाठी आहे, सातबारा आहे. पण जमिनीचा दावा आजोबांकडून नातवाकडे जातो आणि चकमकीत कोणी मारला गेला की पेढे वाटले जातात, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. सोमालियात आज सरकारच्या ताब्यातल्या मोगादिशूमधून लोक जमिनीचा तंटा घेऊन अल-शबाबच्या न्यायालयात जातात, कारण तिथं लाच चालत नाही आणि निकाल दिला की तो मोडायची कोणाची छाती नसते. ट्रकचालकाला अल-शबाब एकदाच कर लावते आणि पावती देते; ती पावती पुढच्या नाक्यावर चालते. सरकारी शिपाई मात्र जागोजागी हात पुढे करतात, पावती नाही. दरवर्षी कोट्यवधी डॉलर अशा वसुलीतून उभे राहतात. आफ्रिकन संघाच्या फौजा २००७ पासून तिथं आहेत, अमेरिकेची ड्रोनं आहेत, आयरो २००८ मध्ये मारला गेला, त्याच्यानंतरचा गोदाने २०१४ मध्ये. पावतीपुस्तक चालूच आहे.

२०२२ मध्ये मअविसलींनी आणि सैन्यानं मिळून अदन यबाल हे महत्त्वाचं ठाणं जिंकलं होतं. तिथं टिकाऊ असं ना पोलीस ठाणं आलं, ना न्यायाधीश. एप्रिल २०२५ मध्ये अल-शबाबनं ते परत घेतलं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या बाईंच्या भावानं आपल्या शेताचा तंटा अल-शबाबच्याच न्यायालयात जिंकला. जमीन मिळाली, त्याच आठवड्यात ताबाही मिळाला. आता तो दरवर्षी पिकातला आणि गुरांतला वाटा त्यांना देतो, आणि त्याची दोन मुलं मोठी होत चालली आहेत. वाटा मागणारे उद्या मुलगाही मागतील, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बाई इथं जादा पाळ्या करतात; दोघांना नैरोबीला हलवायचं आहे, थोरला हातात बंदूक देण्याएवढा दिसायला लागायच्या आत.