‘दुखलं तरी थांबू नका’ हा सल्ला ऐकू नका

सध्या एक संदेश खूप फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: गुबगुबीत बुटांनी आपले पाय बिघडवले. पातळ, सपाट तळाचे ‘बेअरफूट’ बूट घाला, तीन आठवड्यांत पोक जाईल, गुडघे दुखायचे थांबतील. सुरुवातीला पाय दुखले तर थांबू नका, ती स्नायू जागे झाल्याची खूण आहे. आणि शेवटी, ‘आईवडिलांनाही आजच घेऊन द्या.’

मी दोन वर्षं असे बूट वापरते आहे, पुढेही वापरणार आहे. तरी हा संदेश कुणाला पाठवू नका, असं कळकळीने सांगते. त्यातल्या ‘थांबू नका’ने मला सहा आठवडे घरी बसवलं.

पहिला दावा: माणूस मुळात अनवाणी, म्हणून तेच बरं. त्याला इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांचा दाखला हमखास जोडतात. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते अनवाणी मॅरेथॉन धावले आणि जिंकले, हे खरं. पण १९६४ला टोकियोत ते बूट घालून धावले, पुन्हा जिंकले, आणि वेळही तीन मिनिटांनी कमी लागला. शिवाय लहानपणापासून उघडं वाढलेलं पाऊल आणि वीस-पंचवीस वर्षं बुटात कोंडलेलं पाऊल यांची बरोबरी होत नाही.

‘हार्वर्डने सिद्ध केलंय’ असंही त्यात आहे. डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुतेक वेळा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाच आपटताना बसणारा पहिला हिसका त्यांना जवळजवळ बसत नाही, असं त्यात दिसलं. दुखापती कमी होतात का, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा ताण हलका होतो, पण तोच ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर जातो. ज्यांच्या पोटऱ्या आधीच आखडलेल्या आहेत, त्यांचं एक दुखणं जाऊन दुसरं येतं. आणि हे सगळं धावण्याबद्दल! चालताना माणूस अनवाणी असला तरी टाचच आधी टेकवतो. रोज फक्त चालणाऱ्यांना या अभ्यासाचा हवाला देणंच चूक आहे.

पोक जातो का? धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असते. तेवढी उंची काढल्याने खांदे मागे जात नाहीत. दिवसभर मान पुढे काढून बसणाऱ्याला मधूनमधून उठणं आणि पाठीचा व्यायाम, याला पर्याय नाही. माझी पाठ दोन वर्षांपूर्वी होती तशीच आहे.

आराम मिळतो, हे मात्र मनापासून मान्य. कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभं राहा, पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि जुन्या बुटातला इनसोल (आतला सुटा तळ) काढून त्या आकृतीवर ठेवा. माझ्या कागदावर करंगळी पूर्ण बाहेर होती आणि अंगठ्याची कडही. इतकी वर्षं दोन्ही आत दाबून मी चालत होते. रुंद चवड्याच्या बुटात बोटं पसरली आणि संध्याकाळी पाय ठणकायचे थांबले. एवढ्यासाठी पातळ तळच हवा असंही नाही, पुढून रुंद असलेला जाड तळाचा बूटही चालतो.

पावलांची ताकद वाढते, हेही खरं. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात असे बूट रोज वापरणाऱ्यांच्या बोटांची खाली दाबण्याची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. पण सहा महिन्यांत, आणि रोजच्या साध्या वापरातून. तीन आठवड्यांत नव्हे.

आता ते ‘थांबू नका’ वाक्य. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३६ धावपटूंवर १० आठवडे अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १९ जण हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळले. त्यांतल्या १० जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली, दोघांना तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. नेहमीच्या बुटांतल्या १७ जणांत अशी सूज एकालाच. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडाला महिने लागतात. नवा भार आला की हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच ‘थांबू नका’ म्हणणं घातक ठरतं.

माझं असंच झालं. चौथ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत एक बिंदू दुखायला लागला. अंगठ्याने दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. स्नायू जागे होताहेत म्हणून मी दहा दिवस चालत राहिले. एक्स-रे स्वच्छ आला, एमआरआयमध्ये हाड सुजलेलं दिसलं. सुरुवातीच्या एक्स-रेत असं बऱ्याचदा दिसतच नाही. दोन्ही पोटऱ्या भरून येणं आणि दोन-तीन दिवसांत उतरणं, हे स्नायूंचं दुखणं. एका बोटाने नेमकं दाखवता येईल असं, रोज वाढणारं दुखणं वेगळं. त्या दिवशी बूट काढा आणि डॉक्टरांकडे जा.

नव्याने सुरुवात केली तेव्हा पहिले दोन आठवडे मी घरात रोज अर्धा तासच हे बूट घातले. बाहेर जाताना जुनेच.

राहिले आईवडील. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. पातळ तळातून खडा टोचला, बोट घासलं, तरी त्यांना कळत नाही. जखम कळते ती चिघळल्यावर, आणि त्यातून पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यांच्यासाठी असे बूट मागवले असतील तर आधी त्यांच्या पावलांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती कमी असेल, तर बूट परत करा.