हिपहॉप रेगेला परका नाही

‘हिपहॉप मिसळल्यामुळे आजच्या रेगेचा गाभाच हरवला’ हे जमैकाच्या रेगे संगीतावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. हिपहॉपचा पाया घालणारा डीजे कूल हर्क मूळचा जमैकाच्या किंग्स्टनचा. तिथल्या साउंड सिस्टिमचे, म्हणजे मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या डीजे-मंडळींचे, संस्कार घेऊनच तो न्यूयॉर्कला गेला आणि १९७३ साली तिथल्या ब्राँक्स भागातल्या त्या गाजलेल्या पार्टीत त्याने गाणी वाजवली. मग रेगे गायक डेमियन मार्लीने अमेरिकी रॅपर नासला सोबत घेतलं, तर बिघडलं कुठे? रेगे तरी स्का, रॉकस्टेडी, मेंटो या जमैकाच्याच आधीच्या शैली आणि अमेरिकी आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यांतूनच घडला ना!

डेमियन आणि नास या दोघांचा २०१० चा ‘डिस्टंट रिलेटिव्ह्ज’ हा अल्बम हेडफोन लावून ऐका. पहिल्याच गाण्यात इथिओपियाच्या मुलातू अस्तातके यांच्या जॅझचा तुकडा फिरत राहतो आणि त्यावर दोघं एकमेकांच्या तोंडातून शब्द काढून घेतल्यासारखे गातात. ‘पेशन्स’ या गाण्यात तर मालीच्या आमादू-मरियम या गायक जोडीचं ‘साबाली’ आहे. मरियमचा आवाज आला की माझं हातातलं काम थांबतंच, इतकी वर्षं झाली तरी. आणि हो, तुमच्या लेखातल्या कलाकारांच्या यादीत जमैकाची गायिका कॉफी का नाही? वयाच्या १९ व्या वर्षी रेगे अल्बमचं ग्रॅमी एकल कलाकार म्हणून मिळवणारी ही पहिली स्त्री. तिचं नाव यायलाच हवं होतं.