शिळ्या भातावर आणि मोकळ्या अंगणावर कुत्रा पोसला जात नाही

मे महिन्यात चाकरमानी गावी आले, वाडीवाडीतून पिल्लांची विचारणा सुरू झाली की एक संदेश मोबाइलवर हमखास येतो. त्याचा आशय असा: कोकणात पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने उगाच घाबरू नये. गावठी कुत्र्याला आजार होत नाहीत, म्हणून लस लागत नाही. शिळा भात आणि मासळीचे काटे यांवर तो वाढतो. पिल्लू चावले तर हळद भरावी, मोठा कुत्रा चावला तर दहा दिवस वाट पाहावी. त्याला बांधू नये, मोकळा सोडावा, म्हणजे घराची राखण होते. आणि आपण मुंबईला परतलो तरी शेजारी घासभर घालतातच.

हा संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, आणि त्यातले पहिले विधान अर्धे खरेही आहे. आखूड केसांचा गावठी कुत्रा आपल्या दमट हवेत हस्कीसारख्या थंड प्रदेशातल्या कुत्र्यापेक्षा कितीतरी सुखाने राहतो, आणि पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्याने विकतच्या विलायती जातीऐवजी वाडीतले पिल्लू घ्यावे, असेच मीही सांगेन. पण हवा मानवणे वेगळे आणि रोग न होणे वेगळे. गावठी कुत्रे काटक दिसतात, कारण आपल्याला जगलेले कुत्रेच दिसतात. एका वेतातली सहा पिल्ले पावसाळा संपेपर्यंत दोनावर येतात, त्या चौघांचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यांतली बरीचशी पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांनी जातात. माझे पहिले पिल्लू मी असल्याच सल्ल्यावर विसंबून जेमतेम महिन्याचे असताना आईपासून उचलून आणले होते; त्याला रक्ताची हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे, या दोन रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून साधारण चौथा महिना भरेपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास टोचावी आणि तिचे पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नयेत, हे सगळे मला त्यानंतर कळले.

कोकणापुरते यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंपासून होणाऱ्या रोगाचे, नाव मुद्दाम घेतले पाहिजे. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतात, म्हणून भातलावणीच्या दिवसांत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत माणसांना लेप्टो होतो. त्याच चिखलातून फिरणाऱ्या आणि तेच पाणी पिणाऱ्या कुत्र्यालाही तो होऊ शकतो. बाधा झालेल्या कुत्र्याच्या मुतातून पुढे घरातल्या माणसांना धोका असतो, म्हणून पडवी धुताना पायांत बूट आणि हातांत मोजे असावेत. कुत्र्यांच्या संयुक्त लशींमध्ये लेप्टोचा भाग असलेल्या लशी मिळतात. ती लस जंतूंचे सगळे प्रकार रोखत नाही आणि दर वर्षी पुन्हा द्यावी लागते, तरी आपल्या भागात ती टाळण्यात शहाणपण नाही.

संदेशातला खरा घातक भाग चावण्यासंबंधीचा आहे. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो, आणि लाळेला कुत्र्याचे वय कळत नाही. लहान पिल्लाला पिसाळलेला प्राणी चावला असेल तर तेही रेबीज देऊ शकते. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कोणीही वाचत नाही, म्हणून जे करायचे ते चावल्याबरोबर करायचे असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल यांतले काहीही भरू नये, कारण त्याने जखम चिडते आणि धुण्याचे काम राहून जाते. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लशीखेरीज जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे, टोचावे लागते.

दहा दिवस वाट पाहण्याचा सल्ला कुठून आला, तेही सांगतो, कारण तो पूर्ण हवेतला नाही. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात आणि तो धडधाकट राहिला तर डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. संदेशाने हा क्रम उलटा केला आहे. लस आधी सुरू होते, लक्ष ठेवणे तिच्या जोडीने चालते. पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे, पण ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता दंडात, ठरलेल्या दिवशी, चार किंवा पाच खेपांत काम होते आणि सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत देतात. ‘आमचा कुत्रा पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही’ हा युक्तिवादही सोडून द्यावा. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालताना दिसू शकतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. भात चालतो, पण नुसत्या भातावर वाढत्या पिल्लाचे भागत नाही. सोबत अंडे, हाडे काढलेली कोंबडी किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी हवी. कांदा-लसणाच्या वाटणाचे सार त्याच्या भातावर ओतू नये, कारण कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याचे रक्त बिघडवतात. शिजलेले काटे घशात आणि आतड्यात रुततात, खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ त्याला झेपत नाही. किनाऱ्यावर पडलेला केंड मासा तर तोंडाला लागू देऊ नये, तो विषारी असतो. आणि ज्याची आपल्याला कल्पनाच नसते ती आंब्याची बाठ: मे महिन्यात अंगणात पडलेली बाठ गिळली तर आतडे बंद होऊ शकते आणि मग बहुधा शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.

राहिला मोकळे सोडण्याचा मुद्दा. रात्री मोकळा कुत्रा राखण करतो खरे, पण आपल्याकडे ज्याला सरसकट वाघच म्हणतात तो बिबट्या वाडीत येतो तो पुष्कळदा कुत्र्यासाठीच. उघड्या पडवीत साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. म्हणून रात्री कुत्रा बंद दाराच्या आत हवा. राखणीसाठी त्याचा आवाज पुरतो. किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक गोष्ट आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी येथे थंडीपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि ती घरटी उकरणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर गावातले मोकाट कुत्रेही असतात. त्या दिवसांत कुत्रा वाळूवर न्यायचा तो पट्ट्यानेच.

न बांधणे म्हणजे प्रेम, असे संदेश सुचवतो. कायदा दोन्ही टोके धरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा गुन्हा आहे, आणि आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागते. त्याखेरीज, मोकळी सोडलेली आणि नसबंदी न केलेली कुत्री गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. ती पिल्ले पुढच्या मे महिन्यात कोणाच्या तरी गळ्यात मारली जातात.

शेवटचे विधान शेजाऱ्यांच्या घासाचे. आमच्या वाडीत शेजारी खरोखरच घालतात, त्यांच्या भल्या मनाविषयी मला शंका नाही. पण गोचीड काढायला, पाऊस संपेपर्यंत दिवसाआड अंग कोरडे करायला आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला कोणाला हक्काने सांगायचे, हे आधी ठरवून, त्याचे पैसे हातावर ठेवून आणि लशीचे कार्ड त्याच घरी देऊन जावे लागते. मे महिन्यात आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू जूनमध्ये तीन महिन्यांचे होते, म्हणजे त्याच्या रेबीजच्या पहिल्या लशीची वेळ नेमकी घराला कुलूप लागण्याच्या सुमारास येते.