‘गोळ्या सोडा, जपमाळ धरा’ हा मेसेज पाठवणाऱ्यांना

गेल्या रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आटोपून मी मरोळला आईकडे गेले. धाकटी बहीण बाळंतपणाला तिथेच आहे, बाळ अडीच महिन्यांचं झालंय. घरातल्या अल्तारवरची, म्हणजे देव्हाऱ्यातली, फुलं बदलताना मोत माउलीच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या, मूर्तीमागे बहिणीच्या नैराश्यावरच्या गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. मोजलं तर पाच गोळ्या जास्त निघाल्या. म्हणजे पाच दिवस घेतलेल्याच नव्हत्या. मी विचारलं, तर काही न बोलता तिने फोन माझ्यापुढे केला. आमच्या मावशींनी आपल्या चर्चच्या (पॅरिशच्या) बायकांच्या ग्रुपवरून आलेला मेसेज तिला पाठवला होता. वर दोन हात जोडलेले, खाली ‘प्रत्येक कॅथॉलिक आईपर्यंत पोहोचवा’.

त्यात सात मुद्दे आहेत. एक, बाळंतिणीचं नैराश्य हे हल्लीचं फॅड आहे, आपल्या आज्यांना नऊ-नऊ मुलं झाली, त्यांना कुठे झालं? दोन, पवित्र मरियेने गोठ्यात बाळाला जन्म दिला, ती कधी कुरकुरली नाही. तीन, देवाने दिलेल्या बाळाकडे बघून रडू येणं म्हणजे कृतघ्नपणा, ते पाप आहे, कन्फेशन करा, म्हणजे फादरांपुढे कबुली द्या. चार, या गोळ्या दुधातून बाळाच्या मेंदूत जातात, त्या बंद करून ५४ दिवसांची जपमाळ नोव्हेना (ठरावीक दिवस सलग करायची प्रार्थना) करा. पाच, हे आपोआप जातं. सहा, दृष्ट लागलेली असते. सात, प्रार्थनेने मनाला बळ मिळतं.

मी चौथ्यापासून सुरू करते, कारण माझ्या बहिणीचा घात त्याने केला.

मेसेज लिहिणाऱ्याला ती कोणती गोळी घेते हे माहीत नव्हतं, किती ताकदीची घेते हे माहीत नव्हतं, बाळ वेळेवर जन्मलं की आधी, हेही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी हे सगळं विचारून मगच गोळी लिहून दिली होती. तिला सर्ट्रालिन दिलंय. अंगावर पाजणाऱ्या आईला नैराश्यावर औषध द्यायचं झालं तर डॉक्टर बऱ्याचदा हेच निवडतात, कारण ते दुधात फार कमी उतरतं. ‘सगळ्या गोळ्या दुधातून मेंदूत जातात’ हे सरसकट वाक्य खोटं आहे. काही औषधं पाजणाऱ्या आईला देत नाहीत, हे खरं. म्हणून तर डॉक्टरला विचारायचं असतं, ग्रुपला नाही.

या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बहिणीचा तिसरा आठवडा चालू होता, नुकतं कुठे तिने स्वतःहून बाळाला आंघोळीला घेतलं होतं. गोळी एकदम बंद केल्यावर चक्कर, बेचैनी, रात्रभर टक्क जाग हे सगळं परत आलं, आणि तिला वाटलं की आपली जपमाळच कमी पडतेय. रात्री तीनला बाळ झोपलेलं असायचं आणि ही मण्यांवर बोटं फिरवत बसलेली असायची. आईने मला हे सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. झोपेची सर्वांत जास्त गरज असलेल्या बाईला तुम्ही देवाच्या नावाने जागं ठेवलंत.

हे कॅथॉलिक श्रद्धेच्या नावावर चालणार असेल तर कॅथॉलिक बायबल उघडूया. सिराकचं पुस्तक, अध्याय ३८. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते सहसा नसतं, आपल्यात असतं, त्यामुळे आपल्याला तर सबबच नाही. त्यात स्पष्ट सांगितलंय की वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच घडवलंय. औषधं परमेश्वराने जमिनीतून दिली, शहाणा माणूस ती झिडकारत नाही. पुढे आजाऱ्याला सांगितलंय की देवाची प्रार्थना कर, आणि मग वैद्यालाही त्याची जागा दे. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात, एकमेकींना लागून. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, परिच्छेद २२८८ही हेच सांगतो: जीव आणि आरोग्य ही देवाची देणगी आहे, तिची नीट काळजी घ्या. नुसत्या जपमाळेने भागलं असतं तर बांद्र्याचं होली फॅमिली आणि अंधेरीचं होली स्पिरिट ही हॉस्पिटलं सिस्टर लोकांनी कशाला चालवली असती?

आता तिसरा मुद्दा, पापाचा. मोठं पाप घडायला पूर्ण जाणीव आणि स्वतःची राजीखुशी लागते, हे आपण कॅटेकिझमच्या वर्गात शिकलोय. रडू यायला कोणाची राजीखुशी लागते? बाळंतपणानंतर वार पडली की नऊ महिने चढत गेलेले हार्मोन एक-दोन दिवसांत धाडकन खाली येतात. वर जागरण, टाके, रक्त कमी, कधी थायरॉईड. हे शरीरात घडतं, ते शरीर कितीही मिस्सा चुकवत नसलं तरी. माझी बहीण या मेसेजपायी खरंच कन्फेशनला गेली. फादरांनी तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाळा, डॉक्टरकडे गेलीस का?’ फादरांना जे कळतं ते ग्रुपला का कळू नये?

एलिया संदेष्टा आठवतो का? बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथात, १९व्या अध्यायात तो झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवाचा दूत येतो तो त्याला कृतघ्न म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, ‘ऊठ, खा’ म्हणतो. एलिया खातो आणि परत झोपतो. दूत त्याला झोपू देतो, मग पुन्हा खायला उठवतो. बाळंतिणीला हेच लागतं.

आज्यांचं म्हणाल तर त्यांना कोणी विचारलंच नाही. आमच्याच घरात एका बाईबद्दल ‘बाळंतपणात वात डोक्यात गेला तिच्या’ एवढं एकच वाक्य उरलंय. तिला काय होत होतं हे आज सांगणारं कोणी नाही. फॅड म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा पुरे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातले ३८ अभ्यास, म्हणजे २० हजारांवर आया, एकत्र मोजल्या गेल्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण निघालं २२ टक्के. साधारण पाचातली एक. रविवारच्या मिस्सेत तान्ही बाळं घेऊन बसलेल्या बायका मोजा आणि हिशेब करा.

मरियेच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. ती सगळं मनात ठेवून विचार करत राहिली, एवढंच लूक लिहितो. ज्या मोत माउलीपुढे दर सप्टेंबरला बायका मेणाची बाळं वाहून आपलं दुःख सांगतात, त्या माउलीची काठी करून बाळंतिणीला मारू नका. आणि संत होण्यासाठी मन कधी आजारी पडता कामा नये असं वाटत असेल, तर लिझ्यूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्तँ तीन वर्षं मनोरुग्णालयात होते. २०१५ साली चर्चने त्यांना पत्नी झेलीसोबत संत घोषित केलं.

पाचवा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करते. माझ्या मोठ्याच्या वेळी चौथ्या दिवशी मी अळिवाची खीर समोर ठेवून उगाच रडले होते, आणि आठवड्याभरात आपोआप सावरले. बहुतेक आयांना असं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, किंवा वाढलं, तर वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. आणि बाई भलतंच बोलू लागली, कोणी नसताना आवाज येतात म्हणाली, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याची भाषा केली, तर तिला एक मिनिटही एकटं न सोडता त्याच वेळी हॉस्पिटलला न्यायचं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दृष्ट काढायची तर काढा, मिठा-मिरच्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. पण त्यानंतर गोळी द्या.

सातवा मुद्दा खरा आहे. जपमाळेने मलाही बळ मिळतं, बहिणीलाही मिळतं. पण बहिणीसाठी जपमाळ आता आई म्हणते, रात्री अकराला, बाळाला खांद्यावर घेऊन. बहीण तेव्हा पाजून झोपलेली असते. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या सल्ल्याने गोळी परत सुरू झालीय.

मावशी, तुम्ही तिच्या काळजीपोटीच पाठवलंत, हे मला माहीत आहे. तो मेसेज आता ग्रुपवरून पुसता येणार नाही. पण ज्या ग्रुपवर तो आला, तिथे हेही टाका. आणि बुधवारी याल तेव्हा दोन तास बाळ धरा.