यायच्या आधी कळवत चला

कारखान्यांना पर्यावरणाचे आणि सुरक्षेचे नियम पाळायला मदत करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणजे त्यांनीच मला बोलवायचं, त्यांनीच पैसे द्यायचे आणि त्यांनीच माझ्याकडे यमदूत आल्यासारखं बघायचं. गेटवर नाव सांगितलं की वॉकीटॉकी खरखरतो आणि मी शेडपर्यंत पोचेतो सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट उगवतात. काहींची तर प्लास्टिकची पिशवीही निघालेली नसते.

पहिला मान फायलींचा. ट्रेनिंगच्या रजिस्टरात पाच पानं भरून सह्या, सगळ्या एकाच वळणाच्या. "एकाच पेनाने केल्यात ना, म्हणून," मॅनेजर खुलासा करतात. मी 'नियर मिस'चं रजिस्टर मागतो. अपघात होता होता टळला की त्याची नोंद यात करायची. ते कोरं करकरीत. "आपल्याकडे असलं काही होतच नाही," असं अभिमानाने सांगता सांगता मॅनेजर जमिनीवर सांडलेल्या तेलावरून लांब टांग टाकतात. ती टांग इतकी सराईत असते, की तेल कधीचं आहे हे वेगळं विचारावं लागत नाही.

मग आवाज. आठ तासांच्या पाळीला ८५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं या विषयातले जाणकार सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला सोसण्याची वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. हे सगळं मी प्रेसजवळ उभं राहून मालकांना समजावलं. ते म्हणाले, "काय?" मी ओरडून पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "आवाज? कुठाय आवाज? सवय झाली की काही वाटत नाही." खरंच आहे. कान गेले की काहीच वाटत नाही.

खरं तर धोका आधी मुळातूनच काढायचा असतो. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरायची, नाहीतर यंत्राला आवरण घालायचं, नाहीतर कामाची पद्धत बदलायची. कानातली बोळी अगदी शेवटी. आमची मंडळी सुरुवातच बोळ्यांपासून करतात आणि तिथेच थांबतात. बोळ्यांचं बिल लावता येतं, हे त्यामागचं शास्त्र असावं.

डोळे धुवायचा नळ मात्र झकास होता. रसायन उडालं तर १० सेकंदांत तिथे पोचता यावं आणि सलग १५ मिनिटं पाणी मिळावं, असा दंडक आहे. नळाच्या पुढ्यात ड्रम रचलेले, आणि ड्रमांवर लाल चौकटीत ज्वाळेचं चित्र.

"डोळ्यात काही गेलं तर?"

"ड्रम सरकवू की."

"डोळे मिटलेले असताना?"

"दुसऱ्या कोणाला तरी हाक मारू."

दुसऱ्याच्या कानांचा विषय नुकताच झाला होता, म्हणून मी पुढे सरकलो.

ॲसिडच्या टाकीभोवती बांध होता. टाकी फुटली तरी माल आत अडावा, म्हणून बांधात टाकीपेक्षा थोडं जास्तच मावायला हवं, साधारण ११० टक्के. मी टेपने मोजलं, चोख भरलं. क्षणभर डोळे पाणावले. मग कोपऱ्यातला व्हॉल्व्ह दिसला, सताड उघडा. "पावसाचं पाणी साचतं ना आत," ऑपरेटरने समजावलं. फुटलेल्या टाकीतलं ॲसिड तेवढं बाहेर जाणार नाही, ते समजूतदारपणे आतच थांबेल, अशी त्याची श्रद्धा.

"आणि हा गाळ कुठे जातो?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे आपल्या बाहेर."

मी रिपोर्टची पानं वाढवत गेलो. संध्याकाळी मालकांनी तो हातात घेतला, वजन अजमावलं आणि समाधानाने मान डोलावली. फाइल जाड झाली होती. गाडीपर्यंत सोडायला स्वतः आले, दार उघडून धरलं आणि खाली वाकून अगदी मनापासून म्हणाले, "पुढच्या वेळी दोन दिवस आधी कळवत चला हो. तेवढ्यात सगळं सुरक्षित करून ठेवतो."